सगळं समोरच असतं

पत्ते पिसून वाटतात. सारीपाटाला फासे लागतात. ल्युडोत सहा पडेपर्यंत सोंगटी घराबाहेर येत नाही. बुद्धिबळात मात्र दैवासाठी पाटच मांडलेला नसतो. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे, आणि ते दोघांनाही सारखेच दिसतात. हातात दडवलेलं पान नाही, पडायचं राहिलेलं दान नाही. माझ्याकडे काय आहे ते समोरच्याला ठाऊक, त्याच्याकडे काय आहे ते मला. तरीही दहा-बारा चाली होतात न होतात तोच दोघांपैकी एक जण कपाळावर हात मारून घेतो आणि म्हणतो, "अरेच्चा, हे दिसलंच नाही!"

या खेळातलं माझं सर्वांत आवडतं वाक्य हेच. ते फक्त नवशिक्याचं नाही. २००६ साली जर्मनीतल्या बॉन शहरात तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात त्याने शांतपणे वजीर हलवला आणि पुढच्याच चालीला संगणकाने त्याच्यावर मात केली. पांढरा वजीर राजाला खेटून बसणार होता आणि त्याच्या पाठीशी घोडा उभा होता. पहिल्या काही धड्यांतच मुलांना शिकवतात तसली ही मात. जगातल्या सर्वांत तयार डोळ्यांपुढे ती उघडी पडलेली होती, आणि ती त्या डोळ्यांना दिसली नाही.

म्हणून कोणी मला विचारलं की बुद्धिबळाचे डावपेच शिकायचे म्हणजे नेमकं काय शिकायचं, तर मी म्हणतो, पाहायला शिकायचं. चाली तासाभरात पाठ होतात. पाहण्याचं शिक्षण मात्र संपत नाही.

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतली चार-दोन मुलं पट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या आयांना वाटतं, गणित सुधारेल. मुलांना वाटतं, वजिराने धडाधड मारामारी करता येईल. मी त्यांना आधी रिकाम्या पटावर एकेक मोहरा ठेवून विचारतो, "हा इथून कुठे कुठे पाहतोय?"

हत्ती सरळ पाहतो. उभा आणि आडवा. रिकाम्या पटावर त्याला कोपऱ्यात ठेवा, नाहीतर मधोमध, त्याच्या नजरेत चौदाच घरं येतात. जागेने त्याचं काही बिघडत नाही. फक्त वाटेत आपलीच प्यादी उभी नकोत. उंटाचं तसं नाही. तो तिरपा चालतो, आणि ज्या रंगाच्या घरात उभा असतो त्याच रंगावर त्याचा जन्म जातो. पांढऱ्या घरातला उंट काळ्या घरात काय चाललंय ते कधीच पाहू शकत नाही. कोपऱ्यातून त्याला सात घरं दिसतात, मधोमध तेरा. वजीर हत्तीसारखाही पाहतो आणि उंटासारखाही, त्यामुळे पटाच्या मध्यावरून त्याच्या नजरेत सत्तावीस घरं असतात.

आणि घोडा. अडीच घरांचा हा प्राणी मुलांचा पहिल्यापासून लाडका असतो, कारण तो कोणाला जुमानत नाही. मध्ये आपलं असो की परकं, तो डोक्यावरून उडी मारतो. प्रत्येक उडीत त्याचा रंग बदलतो. काळ्या घरातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून काळ्यात. पण त्याला कोपऱ्यात ठेवा, म्हणजे त्याची सगळी मस्ती उतरते. तिथून त्याला दोनच घरं मिळतात. मध्यावर आणला की आठ. घोडा तोच, ताकद चौपट. डावाच्या सुरुवातीला मोहरे बाहेर काढा, मध्य ताब्यात घ्या, असं प्रत्येक शिक्षक कानीकपाळी ओरडत असतो त्याचं कारण या मोजणीत आहे. मध्यावरून जास्त दिसतं, एवढंच.

प्याद्याशी मुलं फटकून असतात. एवढे आठ जण, आणि एकाला धड मागे फिरता येत नाही. पटावर मागे न येऊ शकणारा हा एकटाच. चालतो सरळ आणि मारतो तिरपा. असा दुटप्पीपणाही दुसऱ्या कोणात नाही. पहिल्या चालीला त्याला दोन घरं उडता येतं, पण त्या उडीत तो शेजारच्या पट्टीतल्या शत्रूच्या प्याद्याला चुकवू पाहत असेल, तर ते प्यादं लगेच पुढच्या चालीला त्याला असं मारू शकतं जणू तो एकच घर पुढे आला होता. याला 'आं पासां' म्हणतात, आणि हा नियम पहिल्यांदा ऐकणारं प्रत्येक मूल "काका, तुम्ही आत्ता मनानेच बनवलंत!" असा आरोप करतं. पण हेच प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचा वजीर होतो. हत्ती, उंट, घोडा, कोणालाही बढती नाही. ती फक्त सगळ्यात दुबळ्याला आहे. प्यादी हा या खेळाचा आत्मा आहे, असं फ्रान्सच्या फिलिदोरने १७४९ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं, तेव्हा लोक अजून वजिराच्या हल्ल्यांवरच खूश होते.

माझे आजोबा खेळायचे ते देशी पद्धतीने. ओसरीवर पट पडला की दुपार कशी गेली ते त्यांना कळायचं नाही. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर त्याला एकदाच घोड्याची उडी मारण्याची मुभा होती. प्यादं ज्या पट्टीत शेवटच्या घरी पोचेल त्या पट्टीचा मोहरा व्हायचं. एका बाजूला राजाच तेवढा उरला की डाव बुर्जी झाला म्हणायचे. गावागणिक यात थोडाफार फरक असे आणि त्यावरून भांडणंही होत. वजिराने मात केली तर आजोबा तिला फारसं मोल देत नसत. प्यादेमात झाली की मात्र पान लावायला घ्यायचे.

त्याच देशी पद्धतीत वाढलेला पंजाबातला मीर सुलतान खान १९२९ साली आपल्या मालकाबरोबर लंडनला गेला. आंतरराष्ट्रीय नियम त्याने उशिरा शिकले. पहिल्या चालींच्या पुस्तकी ज्ञानात तो तिथल्या खेळाडूंहून कायम मागे राहिला. पण १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं, आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरवलं. पाठांतर कमी होतं. नजर मात्र होती. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर म्हटलं ते २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

आता पट मांडू. पांढऱ्याची पहिली चाल. त्याच्यापुढे बरोबर वीस पर्याय असतात. आठ प्यादी प्रत्येकी एक किंवा दोन घरं, म्हणजे सोळा. आणि दोन घोड्यांच्या दोन-दोन उड्या, म्हणजे चार. काळ्यालाही वीसच. दोघांची एकेक चाल झाली की पटाची चारशे वेगवेगळी रूपं संभवतात, आणि त्यानंतरचा आकडा मोजण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. या अफाट रानात नवशिक्याला तीन खुणा पुरतात. एखादं मधलं प्यादं पुढे घालून मध्य धरा. घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा. राजाला किल्लेकोटात न्या.

किल्लेकोट ही डावातली एकच चाल, जिच्यात दोन मोहरे एकदम हलतात. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे येऊन बसतो. अटी मात्र आहेत. दोघांपैकी कोणीही आधी हललेला नसावा, मध्ये कोणी नसावं, राजाला त्या क्षणी शह नसावा आणि तो ज्या घरावरून जाणार किंवा ज्या घरात बसणार त्यावर शत्रूची नजर नसावी. संकट दारात आल्यावर गडावर जाता येत नाही. आधी जावं लागतं.

मुलांना मात्र गडापेक्षा चार चालींची मात प्रिय. राजासमोरचं प्यादं दोन घरं, मग उंट, मग वजीर, आणि चौथ्या चालीला वजिराने उंटाच्या जोरावर राजाशेजारचं प्यादं खाऊन मात. राजाच्या बाजूच्या उंटापुढे जे प्यादं असतं त्याला सुरुवातीला फक्त राजाचाच जोर असतो. सगळी मेख त्या एका घरात आहे. ही मात शिकलेलं मूल आठवडाभर वर्गात सगळ्यांना हरवत सुटतं. मग एके दिवशी समोरचा प्यादं सरकवून वजिराला हुसकावतो, घोडा काढून पुन्हा हुसकावतो, आणि या पठ्ठ्याचा वजीर पटभर पळत राहतो. तेवढ्या वेळात समोरच्याचे सगळे मोहरे बाहेर आलेले असतात. एकट्या वजिराला लवकर बाहेर काढू नये, हे माझं सांगणं ज्याने दहादा ऐकलेलं नसतं त्याला ते त्या एका डावात कळतं.

आपल्या बुद्धिबळाच्या बोलीत 'जोर' ही मोठी कल्पना आहे. माझ्या घोड्याला प्याद्याचा जोर आहे, म्हणजे तू घोडा मारलास तर माझं प्यादं तुझ्या मोहऱ्याला मारेल. एखाद्या घरावर मारामारी होणार असेल तर पाहायचं ते इतकंच की मारणारे किती, जोर देणारे किती, आणि कोण किती किमतीचा. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला किंमत नाही, कारण तो विकायचाच नसतो. हे भाव बाजारभावाइतकेच खरे. बंदिस्त डावात घोडा उंटाहून भारी ठरतो, मोकळ्या पटावर उंट. पण नवशिक्याने हिशेब करायला लागावं यासाठी ते पुरेसे आहेत. बिनजोर मोहरा सोडायचा नाही आणि समोरच्याचा बिनजोर मोहरा दिसला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. सुरुवातीचे निम्मे डाव एवढ्यावर जिंकले जातात.

यापुढचे डावपेच म्हणजे एका चालीत दोन कामं करण्याची कला. समोरच्याला एकदा एकच चाल मिळते. त्याच्यापुढे एकाच वेळी दोन संकटं उभी केली की त्यातलं एक त्याला पत्करावंच लागतं. यालाच दुहेरी हल्ला म्हणतात, आणि त्यातला राजा घोडा. तो राजाला शह देतो आणि त्याच उडीत कोपऱ्यातल्या हत्तीवरही नजर ठेवतो. राजा हलणं भाग, हत्ती गेला. मुलं विचारतात, "पण आधी ओळखायचं कसं?" त्याला एक साधी खूण आहे. घोडा ज्या रंगाच्या घरात उभा असतो, एका उडीनंतर तो त्याच रंगाच्या घरांवर हल्ला करतो. म्हणजे शत्रूचा घोडा पांढऱ्या घरात आहे आणि तुमचा राजा आणि वजीरही पांढऱ्या घरांत आहेत, तर सावध. रंग वेगवेगळे असतील तर पुढच्या उडीत तो दोघांना एकदम धरू शकत नाही. इतकी वर्षं पटाचे दोन रंग मुलांना शोभेसाठी वाटत असतात. हे कळलं की त्यांचे डोळे त्या रंगांवरून फिरू लागतात.

दुसरा डावपेच जखडण्याचा. उंटापुढे घोडा, घोड्यामागे त्याचाच राजा. घोडा हलला तर राजाला शह बसेल, म्हणून नियमानेच तो हलू शकत नाही. मागे राजाऐवजी वजीर असेल तर हलता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. जखडलेल्या मोहऱ्याने दिलेला जोर बहुतेकदा खोटा असतो, हे लक्षात ठेवावं. पटावर तो रखवाली करताना दिसतो, प्रत्यक्षात त्याचे पाय बांधलेले असतात. एक अपवाद मात्र आहे. शत्रूच्या राजापुरता तो खराच पहारेकरी असतो. जखडलेला मोहरा ज्या घरावर नजर ठेवून आहे तिथे राजाला पाऊल टाकता येत नाही. याच्याच उलट क्रमाचा तिसरा डाव. पुढे राजा, मागे वजीर. शह बसला की राजा बाजूला होतो आणि मागचा वजीर उघडा पडतो.

चौथा डाव मला सगळ्यांत देखणा वाटतो. पुढचा मोहरा बाजूला होतो आणि त्याच्या मागे मघापासून गप्प बसलेल्या हत्तीचा शह बसतो. बाजूला झालेल्याला तेवढ्यात हवं ते करायला मोकळीक मिळते, कारण समोरच्याला आधी शह निवारायचा असतो. आणि बाजूला होणाऱ्यानेही शहच दिला तर तो दुहेरी शह. त्याला उत्तर एकच, राजाने हलायचं. एकाला मारून भागत नाही, एकापुढे आड येऊन भागत नाही. या डावात फसलेला माणूस हलणाऱ्या मोहऱ्याकडे पाहत असतो. जो हललाच नाही त्याने घात केलेला असतो.

आणि शेवटच्या रांगेतली मात. राजा किल्लेकोटात सुरक्षित, पुढे तीन प्याद्यांची भिंत, आणि एक हत्ती सरळ पट्टीतून शेवटच्या रांगेत येऊन उभा राहतो. राजाला वर सरकायला जागा नाही, कारण तिथे त्याचीच माणसं उभी आहेत. ज्या भिंतीने राखलं तिनेच कोंडलं. वेळ असताना त्यातलं एक प्यादं घरभर पुढे सरकवून राजाला श्वासापुरती जागा करून ठेवली तर हा सगळा अनर्थ टळतो. पण शांत डावात अशी साधी चाल सुचत नाही, ती नेहमी मात झाल्यावर सुचते.

हे सगळं एकाच डावात पाहायचं असेल तर १८५८ सालच्या पॅरिसला जायला हवं. न्यू ऑर्लिन्सचा पॉल मॉर्फी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या दोन बड्या माणसांनी त्याला ऑपेराला आपल्या खाशा कक्षात नेलं आणि दोघांनी मिळून त्याच्याशी डाव मांडला. पुढे रंगमंचावर गाणं चालू, इकडे पट. डाव सतराच चालींचा झाला. मॉर्फीने एकेक करून आपले मोहरे बाहेर काढले. ड्यूक आणि काउंट मोहरे बाहेर काढण्यात मागे पडले, आणि त्यांचा राजा मधल्या पट्टीतच अडकला. मग मॉर्फीने घोडा दिला. पुढे हत्ती दिला. समोरचे मोहरे राजाच्या आणि वजिराच्या ओढीने जागच्या जागी जखडलेले होते. सोळाव्या चालीला त्याने वजीरही देऊन टाकला, आणि तो मारण्यासाठी घोड्याने जागा सोडताच हत्तीने शेवटच्या रांगेत जाऊन मात दिली.

डाव संपला तेव्हा राजा आणि प्यादी सोडली तर मॉर्फीकडे एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. ड्यूककडे वजीर होता, हत्ती होता, उंट होता, घोडा होता. त्यातला हत्ती आणि उंट शेवटपर्यंत जागचे हललेही नव्हते. एक, तीन, पाच, नऊ या भावांनी हिशेब मांडला तर ड्यूक श्रीमंत होता. पण घरात बसलेल्या मोहऱ्याची किंमत शून्य, हे त्या हिशेबात कुठेच लिहिलेलं नसतं. मी मुलांना हा डाव दाखवतो तेव्हा वजीर देण्याच्या चालीला सगळे ओरडतात. मग मी डाव मागे नेतो आणि विचारतो, ड्यूकला नेमकं कुठल्या चालीला हे दिसायला हवं होतं?

जिंकत आलेल्याला एक धोका असतो, तो म्हणजे घाई. समोरचा राजा कोपऱ्यात एकटा, तुमच्याकडे वजीर. तुम्ही वजीर त्या राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर आणून ठेवता आणि हसता. राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. दुसरं काही चालवायलाही नाही. डाव बरोबरीत. मुलांना हा नियम अन्यायाचा वाटतो. "काका, तो तर हरलाच होता ना?" हरत होता, हरला नव्हता. सगळं गमावलेल्याकडेही शेवटपर्यंत लक्ष द्यावं लागतं, असं हा नियम सांगतो. मला तो अन्यायाचा वाटत नाही.

आणि पट रिकामा होत गेला की पाहण्याची खरी कसोटी लागते. रिचर्ड रेटी याने १९२१ साली रचलेलं एक कोडं आहे. पटावर चारच मोहरे. पांढरा राजा वरच्या उजव्या कोपऱ्यात. त्याचं एक प्यादं दूर डावीकडे, शेवटच्या रांगेपासून दोन घरांवर, पण काळा राजा त्याच्या जवळच टपलेला. काळ्याचं एक प्यादं उजव्या कडेने खाली धावत सुटलेलं, पांढऱ्या राजाच्या हातून कधीच निसटलेलं. पांढऱ्याने त्या प्याद्यामागे सरळ धावायचं तर ते सापडत नाही. आपल्या प्याद्याच्या मदतीला जायचं तर तेही दूर. कोणीही म्हणेल, डाव गेला. रेटीचा राजा सरळ जात नाही, तो तिरपा निघतो. पटावर राजाला तिरप्या वाटेनेही तेवढ्याच चाली लागतात. वरच्या कोपऱ्यातून खालच्या बाजूला सहा घरं सरळ गेलं काय, किंवा तीन घरं तिरपं मध्यावर येऊन पुन्हा तीन घरं तिरपं कडेला परतलं काय, चाली सहाच. डोळ्याला लांब वाटणारी वाट लांब नसते. त्या तिरप्या वाटेवर राजा दोन्ही प्याद्यांच्या जवळ जवळ येत राहतो. काळ्याने आपलं प्यादं पळवलं तर पांढरा राजा स्वतःच्या प्याद्यापाशी पोचतो; काळा राजा ते प्यादं मारायला थांबला तर पळणारं प्यादं सापडतं. डाव बरोबरीत सुटतो. शंभर वर्षं होऊन गेली, तरी हे कोडं पहिल्यांदा पाहणारा माणूस पटावर बोट ठेवून घरं पुन्हा मोजतो.

पाहण्याची ही सवय पटाबाहेरही लागते की नाही, याबद्दल मोठमोठे दावे करणारे आहेत. मी करणार नाही. निदान बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ती पटाबाहेर आपोआप लागत नाही, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. खाडिलकर भगिनींपैकी वसंती १९७४ साली पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, आणि सुरुवातीची दहा वर्षं हे अजिंक्यपद वसंती, जयश्री, रोहिणी या तीन बहिणींच्या घरातच फिरत राहिलं. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या, तेव्हा गदारोळ झाला. मामला उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, त्यांनी स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. समोर एक खेळाडू बसली होती. आक्षेप घेणाऱ्यांना ती खेळाडू दिसत नव्हती.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांना ती दिसत होती. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने त्यांनी या गावात खेळ रुजवला, आणि त्याच सांगलीतून भाग्यश्री साठे ही खेळाडू पुढे आली. प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, महाराष्ट्राचे पहिले. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवलं आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. पुढच्या रविवारी आमच्याकडच्या मुलींना पांढरे मोहरेच हवे होते.

मुलांना मी एक नियम घालून दिला आहे. समोरच्याने चाल केली की दोन्ही हात मांडीवर. मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो, हे तर आहेच. पण त्याआधी मनात तीन गोष्टी पाहायच्या. त्याच्याकडे आता कुठला शह आहे? तो काय मारू शकतो? आणि पुढच्या चालीला त्याचा कशावर डोळा आहे? त्यानंतर हेच तीन प्रश्न स्वतःच्या बाजूने विचारायचे. हा क्रम उलटा झाला की पंचाईत. मूल असो की मोठा माणूस, प्रत्येकाच्या डोक्यात आपली चाल आधीच तयार असते, आणि समोरचा खेळत असताना आपण फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. कितीतरी डाव त्या वाट पाहण्यात जातात.

तुमच्या घरात माळ्यावर एखादा पट असेलच. एखादं प्यादं हरवलेलं असेल, तिथे शर्टाचं बटण ठेवा. घरातल्या लहानाला समोर बसवा. पहिल्या दिवशी फक्त प्यादी मांडा, आठ विरुद्ध आठ, आणि जो आधी शेवटच्या रांगेत पोचेल तो जिंकला असं ठरवा. दुसऱ्या दिवशी राजा आणा, मग एकेक करून बाकीचे, आणि वजीर सगळ्यात शेवटी. हरला तर रडू द्या, पण चाल परत देऊ नका. त्याऐवजी डाव मागे नेऊन कुठे दिसायला हवं होतं ते दोघांनी मिळून शोधा. पुस्तकं, घड्याळ, शिकवणी, मोबाइलवरची कोडी, सगळं नंतर. आधी समोरच्याची चाल नीट पाहायला शिकवा. आपली चाल बहुधा तिथेच सापडते.